मांजरीचं काय करायचं

आमची मांजर गेली तेव्हा सौदीतलं जुबैल कायमचं सोडायला आम्हाला तीन आठवडे उरले होते. नवऱ्याच्या कंपनीचं काम संपलं होतं, एक्झिटचे कागद झाले होते, अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. मांजरीचीही तयारी झाली होती : लशी, चिप, विमानाचा पिंजरा. किडनीनं मात्र ऐन वेळी दगा दिला. प्राण्यांचे डॉक्टर हैदराबादचे. त्यांनी तिला दवाखान्याच्या फ्रीझरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, आराम से सोच के बताइए, क्या करना है."

सोचायचं काय त्यात? मला तिला नाशिकला न्यायचं होतं. नऊ वर्षं, नवरा प्लँटवर आणि लेक शाळेत गेल्यावर, त्या घरात मला उत्तर देणारं तेवढं एकच होतं. तिला परक्या वाळूत ठेवून आपण विमानात बसायचं, हे पटेना. अस्थी तरी नेईन म्हटलं. पण इथे जाळायचं विसरा, असं डॉक्टरांनी पहिल्याच फोनमध्ये सांगून टाकलं.

मग लेकीनं मोबाइलवर शोधून काढलं. "मम्मा, पानी से भी होता है. नो फायर, नो स्मोक. प्लॅनेट के लिए भी अच्छा है." प्राण्याला बंद टाकीत ठेवतात, त्यात गरम पाणी आणि अल्कली. काही तासांत सगळं विरघळतं, हाडं तेवढी राहतात. ती वाळवून, पांढरी पूड करून घरच्यांना देतात. मला एकदम हायसं वाटलं.

नवऱ्यानं विचारलं, "अल्कली म्हणजे कुठली?" लेकीनं नाव वाचून दाखवलं आणि त्याचा चेहरा उतरला. कातडी जाळणारं कॉस्टिकच ते. या माणसानं अर्धा जन्म लोकांना कॉस्टिकपासून लांब ठेवण्यात घालवला होता. अंगावर थेंब उडाला तर आधी पाण्याखाली धावायचं, हे लेक शुभंकरोतीच्या आधी शिकली. तरी तो कागद घेऊन बसला. थोड्या वेळानं बघते तर टाकीचं चित्र, तापमान, प्रेशर आणि खाली धोक्यांची यादी. प्लँटवर कुठलंही काम सुरू करण्याआधी भरतात तशी. वर लिहिलं होतं, "मांजर, वजन चार किलो."

"अरे, ती काय पाइप आहे साफ करायला?" मी कडाडले.

"मला दुसरं काही येत नाही गं," तो म्हणाला. मग मलाच रडू आलं.

माझ्या डोक्यात वेगळाच गोंधळ होता. ते उरलेलं पाणी कुठे जातं? लेक म्हणाली, ड्रेनमध्ये. कुठे कुठे झाडांना घालतात. म्हणजे मांजर नक्की कशात, पुडीत की पाण्यात? आपण हाडं पाण्यात सोडतो, इथे हाडं जपायची आणि पाणी सोडून द्यायचं. नवरा म्हणाला, चितेचा धूरही जातोच की, त्याच्यामागे कोण धावतं? ही पद्धत सकाळी चांगली वाटे आणि कुकर लावताना भयंकर.

शेवटी डॉक्टर म्हणाले की अशी टाकी या देशात असल्याचं त्यांच्या तरी ऐकिवात नाही, आणि बाहेर पाठवायचं तर कागदांतच महिना जाईल. मी हताश होऊन सासूबाईंना फोन लावला.

"अगं, दात न आलेल्या लेकराला आणि मुक्या जनावराला आपल्यात कधी अग्नी देतात का? माती द्यायची. एवढंही विसरलीस?"

विसरले होते. दोन आठवडे मी अस्थींसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि ते आमच्या चालीतच नव्हतं. मग मी भांडत कशासाठी होते?

डॉक्टरांच्या ओळखीच्या एका सौदी गृहस्थांची शहराबाहेर खजुराची बाग होती. मांजर म्हटल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. हातानं जागा दाखवली आणि लांब जाऊन उभे राहिले. नवऱ्यानं कंबरभर खणलं. मी तिला माझ्या जुन्या सुती ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. फ्रीझरचा गारवा कपड्यांतून आत येत होता, आणि हात काही सुटेनात. लेक नुसती "मम्मा, प्लीज" म्हणत होती.

"आता काय झालं?" त्यानं खड्ड्यातून विचारलं.

माझ्या तोंडून जे निघालं ते तोवर मलाही ठाऊक नव्हतं. "हिला न्यायचं नव्हतं रे मला. मला जायचंच नाहीये."

सोळा वर्षं इथल्या उन्हाला शिव्या घातलेली बाई मी. तो हसेल असं वाटलं. त्यानं फावडं खड्ड्याच्या काठाला टेकवलं.

"मलाही नाही," म्हणाला. मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि मी तिला त्याच्याकडे दिलं. आमची तिकिटं बुधवारची होती.