परत आलेली देवी

संगमनेरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते, आणि वादविवाद स्पर्धेला मला परीक्षक करू नका असं दर वर्षी सांगते. मला गप्प बसवत नाही. एका वर्षी विषय होता, परदेशात गेलेल्या प्राचीन मूर्ती परत आणाव्यात का. एक मुलगी म्हणाली, तिथे त्या सुरक्षित आहेत, जगभरची माणसं बघतात. इथे आणून आपण त्यांना शेंदूर फासणार. झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, तुझी स्कूटी चोराने रोज धुऊन-पुसून ठेवली, तर ती त्याची होते का?" परीक्षकाने असं मध्ये तोंड घालायचं नसतं. सगळे हसले. पहिलं बक्षीस मात्र मी तिलाच दिलं, कारण पोरगी बोलली खरोखर छान होती.

माझा राग पुस्तकातला नव्हता. प्रवरेकाठच्या आमच्या गावातली देवी मी शाळेत असताना चोरीला गेली. काळ्या दगडाची, गुडघ्याएवढी, डावा हात कमरेवर ठेवून उभी. चेहरा असा, की आता कुणाला तरी रागावणार. कुणी अभ्यासक पूर्वी तिचा फोटो काढून गेला होता. तो मागवून गावाने तिच्या जागी लावला आणि लोक त्यालाच हार घालायला लागले.

त्या देवळाची झाडलोट माझी आत्या करायची, अजूनही करते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमचीच. देऊळ झाडणं, समया घासणं, पाणी भरणं हे सगळं तिला चालायचं. पण नवरात्रात बायका खणानारळाने ओटी भरायला आल्या, की आत्या पायरी उतरून खाली उभी. विधवेने ओटी भरायची नाही ना! तिला कुणी हाकलत नव्हतं, तीच आपली उतरायची. मी चिडून काही बोलले की म्हणायची, "तू लई शिकलीस. गप बस."

पुढे त्याच फोटोवरून परदेशातल्या एका संग्रहालयात देवी ओळखू आली. सरकारने ती परत आणली आणि फिरत फिरत ती आपल्याच जिल्ह्यातल्या संग्रहालयात येऊन पोचली. गावाने फटाके काय वाजवले, पेढे काय वाटले! ग्रामसभेत ठराव झाला, देवी गावाला द्या. अर्ज मी लिहिला, आणि काय झोकात लिहिला! आत्या एवढंच म्हणाली, "डोळे मिटायच्या आधी तिला तिच्या जाग्यावर बगायचंय. दुसरं मला काय बी नगं."

मग एकदा सगळे टेम्पोत बसून देवीला बघायला गेलो. सरपंच, गुरव, भजनी मंडळ, बायका. आत्याच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ आणि कुंकवाचा करंडा होता. "तितं गेल्यावर तू भर तिची ओटी," मला म्हणाली. "मी बगते."

संग्रहालयातल्या तरुण अधिकारी बाईंनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं. बायकांनी हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले. देवीला डावा हात नव्हता. कोपरापासून तुटलेला. चोरांनी उपटून काढताना तुटला असणार, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या.

गुरवांनी पुढे होऊन तुटलेला कोपर निरखला. वाईट त्यांनाही वाटत होतं, डोळे भरले होते. पण म्हणाले, "खंडित हाय. हिची पूजा चालत न्हाई. गाभाऱ्यात न्हाई बसवता यायची."

मोडलेल्या मूर्तीची पूजा करत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एवढ्या वर्षांच्या ओढाताणीत ती मोडली असेल, हे मात्र कुणाच्याच मनात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा! सरपंच म्हणाले, जयपूरहून संगमरवराची नवी आणू, चांगली कमरेएवढी. "आन ही ऱ्हाऊ द्या हितंच. हितं नीट ऱ्हाईल. चार लोक बगत्याल."

माझ्या विद्यार्थिनीचंच वाक्य! आणि या वेळी मला स्कूटीबिटी काही सुचेना.

मंडळी बाहेर निघाली. आत्या हलली नाही. पिशवी छातीशी धरून देवीसमोर उभी होती.

"चल गं आत्या," मी म्हटलं.

"चालत न्हाई म्हनं," ती म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती. "आयुष्यभर मला बी ह्येच सांगितलं. घर झाडायला चालती, भांडी घासायला चालती, ओटी भराया चालत न्हाई. आता तुला बी चालत न्हाई व्हय गं?"

गुरव दारातच थबकले. आत्याने पिशवीतून खण काढला. "तू सर," मला म्हणाली, "मी भरते."

अधिकारी बाई पुढे झाल्या. "आजी, मूर्तीला काही लावता येणार नाही."

"लावत न्हाई, बाय. पुढ्यात ठिवते."

बाईंनी कोपऱ्यातलं छोटं टेबल स्वतः उचलून देवीसमोर ठेवलं. आत्याने खण उलगडला, त्यावर नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. आयुष्यात पहिल्यांदा ओटी भरत होती, पण हात कुठे चुकला नाही. किती वर्षं पायरीखालून बघत होती! मी ढसाढसा रडत होते, आणि दारातून सगळं गाव बघत होतं.

मला राहवेना. मी करंडा उघडला, कुंकवाची चिमूट घेतली आणि आत्याच्या कपाळाकडे हात नेला. गुरवांनी मान खाली घातली, पण नको म्हणाले नाहीत.

आत्यानेच माझं मनगट धरलं.

"माझं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "अर्ज पुन्यांदा लिव. देवळात नसंल घेत तर आपल्या घरी द्या म्हनावं. आधी हिला घरी आन."