चपला न काढणाऱ्या बाई

वजन कमी करायच्या ऑपरेशनचा खर्च विमा कंपनीकडून हवा असेल, तर आधी सहा महिने पथ्य आणि व्यायाम करावा लागतो. त्याने भागत नाही, हे डॉक्टरांच्या सहीने दाखवावं लागतं. त्यात वजन ठरलेल्या आकड्याखाली उतरलं, तर मंजुरी नाही.

काल दवाखान्यात माझ्या आधी पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांचा शेवटचा महिना होता, आणि वजन आकड्याच्या अगदी काठावर. काट्यावर चढताना त्यांनी चपला काढल्याच नाहीत.

"मावशी, चपला," नर्स म्हणाली.

"राहू दे गं. फरशी किती गार आहे!"

"मे महिन्यात? काढा, काढा."

गुडघा धरून त्या वाकल्या. सहा महिने त्या उकडलेला दुधी खात असतील, गच्चीवर लंगडत फेऱ्या मारत असतील. त्या फेऱ्यांना साक्षीदार कोण? कंपनीला फक्त हरल्याचा कागद हवा. आपण हरावं अशी आशा माणसाला करायला लावणारा नियम अन्यायाचाच आहे, हे मी कुठेही ओरडून सांगेन. तिथे मात्र माझी फाइल पोटाशी धरून गप्प बसलो.

"अर्धा किलो वर आहात. बसतं अटीत," नर्स हळूच म्हणाली.

बाईंनी कोणाला तरी सांगायला मागे वळून पाहिलं. बाकावर मी एकटाच होतो.

"नाही उतरलं हो!" त्या मला म्हणाल्या.

"अभिनंदन," मी म्हणालो. त्यांना दिवसभरात ते दुसरं कोणी म्हणेल, असं वाटलं नाही.