मी त्या दिवशी लिस्बनला नव्हते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? कोण जाणे.

माझं काम म्हणजे युरोपातल्या देशांची तुलना. गरिबाला फुकट वकील कुठे मिळतो, भाषा येत नसेल तर कोर्टात दुभाषी कोण देतं – असले तक्ते मी इथे अमेरिकेत, श्रूजबरीच्या घरात बसून करते. त्यावर भाषणंही ठोकते. लोका सांगे ब्रह्मज्ञान – पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्याकडे पोळ्या करायला सुमनमावशी यायच्या. विधवा, एकट्या, एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायच्या. घरमालकाने त्यांना बाहेर काढायला केस केली, तारीख लागली. मावशींनी कागद माझ्यापुढे ठेवला.

"अगं, तुझं तर हेच काम ना? मला कुठे इंग्रजी बोलता येतं? नुसती बरोबर ये."

आणि मी – मी म्हटलं, "मावशी, नेमकी त्याच दिवशी माझी कॉन्फरन्स आहे, लिस्बनला. कॅन्सल नाही हो करता येणार."

कॉन्फरन्स नव्हतीच. घरमालक आमच्या इथल्या मराठी मंडळातले, नवऱ्याचे जिवलग मित्र. दर गणपतीला आम्ही त्यांच्याकडे मोदक खातो. त्यांच्यासमोर मावशींच्या बाजूला उभी राहिले असते, तर पुढच्या पॉटलकला, सगळे आपापले डबे घेऊन जमतात तेव्हा, लोक काय म्हणाले असते? एवढीच भीती. कोर्टाला आधी फोन केला तर दुभाषी मिळतो, हे मला माहीत होतं. तेही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तो फोन मलाच करावा लागला असता.

त्या दिवशी मी गाडी गॅरेजमध्ये लपवली आणि घरात बसून तक्ता पुरा केला. लाज वाटली का? वाटली. तरी उठले नाही.

मावशी कोर्टात गेल्याच नाहीत. मुदत मागितली असती तर कदाचित मिळालीही असती – पण मागणार कोण? त्यांच्या गैरहजेरीत निकाल लागला. थोड्याच दिवसांत त्या टेक्सासला भाच्याकडे गेल्या, हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला.

पण मला छळतो तो त्या संध्याकाळचा त्यांचा फोन.

"मी काही गेले नाही बाई, धीरच झाला नाही," त्या म्हणाल्या. मग लगेच, "ते जाऊ दे. तू पोहोचलीस का गं नीट? जेवलीस?"

"हो मावशी," मी म्हटलं, "पोहोचले."

माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.