दसऱ्याच्या दिवशी तुटलेलं हँडल

दसऱ्याच्या सकाळी आमच्या गाडीतलं हँडल तुटलं... तेही पूजा आटोपल्यावर! दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट, आमच्या नाशिकच्या घरासमोरची.

गाडी सेकंडहँड घेतलेली, मॉडेल कधीच बंद पडलेलं. इंजिन गुणी होतं, पण आतलं प्लॅस्टिक उन्हाने पापडासारखं झालं होतं. समोरच्या कप्प्याचं झाकण मी रबरबँडवर चालवत होते, दाराच्या आतलं पॅड सुईदोऱ्याने टाचलं होतं. त्याचं काही वाटत नव्हतं...

पण हे हँडल वेगळं. दाराच्या वर, छताला लावलेलं असतं ना धरायला, ते. माझे सासरे, नाना, गुडघ्यांनी बेजार. त्या हँडलला धरून ते स्वतःचे स्वतः गाडीत बसायचे. बगलेत हात घालून कुणी उचललेलं त्यांना अजिबात खपत नसे. "मी काय कोबीचं पोतं हाय का?" असं म्हणायचे. जन्मभर भाजीचा मळा केलेला माणूस!

दर दसऱ्याला ते निफाडला थोरल्या बहिणीकडे सोनं द्यायला जायचे. आक्का ऐंशीच्या पुढच्या, त्यांचेही गुडघे गेलेले. त्या कुठे जात नसत, उंबऱ्यात बसून भावाची वाट बघायच्या. त्या सकाळी नाना गाडीत बसायला गेले आणि हँडलचं एक टोक कट्‌दिशी तुटून त्यांच्या मांडीवर पडलं.

नाना तसेच मागे फिरले. घरात जाऊन खुर्चीत बसले आणि डोक्यावरची टोपी काढून ठेवली. म्हणजे निफाड रद्द...

आमचे हे म्हणाले, "थांब, स्क्रूड्रायव्हर आणतो." आणि आमची दोघांचीही नजर देवघराकडे गेली. स्क्रूड्रायव्हर, पाने, पक्कड, नानांचं खुरपं, माझी विळी आणि कात्री... सगळं पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून, झेंडूची फुलं घालून ठेवलेलं. आमच्याकडे पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलत नाहीत. नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या आमच्या गॅरेजवाल्याला फोन केला, तर त्याचेही पाने पूजेत!

"एक स्क्रू तर काढायचाय. देवाला काय कळतंय?" हे म्हणाले.

"देवाचं राहू द्या, मला कळतंय ना," मी म्हटलं.

मग मी घरात पूजेत न बसलेलं काय काय आहे ते शोधायला लागले. नेलकटर सापडलं. त्याच्या कानशीच्या टोकाने दुसऱ्या बाजूचा स्क्रू हळूहळू फिरवला आणि हँडल हातात आलं.

आधी चिकटवायच्या ट्यूबने तुकडा जोडून पाहिला. ह्यांनी जरा ओढला आणि परत दोन तुकडे. तेव्हा माहेरी गल्लीत बादल्या सांधणारा यायचा त्याची आठवण झाली. तो प्लॅस्टिकला प्लॅस्टिकच लावायचा, तेही त्याच जातीचं. आमच्याकडे विडीसुद्धा कुणी ओढत नाही, म्हणून गाडीतल्या ॲशट्रेचं झाकण काढलं. तोच राखाडी रंग, तेच प्लॅस्टिक.

स्टेपलरच्या पिना सांडशीत धरून गॅसवर तापवल्या आणि भेगेवर आडव्या दाबून बसवल्या, गोधडीला टाके घालतात तशा. वरून जुन्या उलथन्याचं टोक तापवून झाकणाचे तुकडे वितळवत लिंपले. खिडक्या सगळ्या उघड्या, तरी घरभर तो वास! "लोकांच्या घरी आज श्रीखंडाचा वास, आपल्याकडे टायरचा," असं हे दोनदा म्हणाले. नाना मात्र खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले होते.

गार झाल्यावर हँडल परत लावलं. दिसायला ओबडधोबड, भाकरी करपल्यावर दिसते तसं. हे त्याला दोन्ही हातांनी लोंबकळले, मी रामरक्षा म्हणत उभी... हललं नाही.

"नाना, टोपी घाला," मी म्हटलं.

निफाडला आक्का उंबऱ्यातच होत्या. नाना हँडल धरून ऐटीत उतरले, सोनं दिलं, पाया पडले आणि लगेच बहिणीला गाडीपाशी नेऊन ते हँडलच दाखवायला लागले. "सूनबाईनं उलथन्यानं केलंय, हत्यार उचललं नाय."

आक्कांनी ते चाचपून पाहिलं. मी आधाराला पुढे झाले तर म्हणाल्या, "तू सर बाजूला." हँडल धरलं, एक पाय आत, मग दुसरा... आणि बसल्या. आम्ही सगळे बघतच राहिलो.

"उतरा आता आक्का, चहा झालाय," त्यांच्या सुनेने हाक मारली.

"उतरती कशाला? इतक्या दिसांनी बसले हाय. चल, बागेकडं ने."

द्राक्षाची छाटणी होऊन गेली होती. काड्यांना नुकते कोवळे फुटवे आलेले. आक्कांनी काच खाली करायला लावली, हात बाहेर काढून एक पान बोटांत धरलं आणि किती तरी वेळ सोडलंच नाही. नाना मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसून उगाच दुसरीकडे बघत होते.

त्या दोघांना आधार द्यायला घरात माणसं काय कमी होती? पण स्वतःच्या हाताने उठून बसण्यातलं सुख निराळंच असतं, ते मला त्या बागेत दिसलं. दसऱ्याला आपट्याची पानं वाटतो आपण... मला त्या वर्षी द्राक्षाच्या पानात सोनं बघायला मिळालं. देवाची कृपा, दुसरं काय!