म्हातारीचा आवाज

जालिंदरला सदानंद साहेबाची शिवीगाळ चालायची. हसणं डोक्यात जायचं. आठ वर्षं तो त्याची गाडी चालवत होता, आखातात, अल दुहैलच्या बंगल्यातून ऑफिसात आणि परत.

एकदा गाडीत हौसाबाईचा, जालिंदरच्या आईचा, व्हॉइस मेसेज चुकून मोठ्यानं वाजला. "लेकरा, म्हैस व्याली बघ. खरवस केलता. तुझ्या वाटचा शेजारणीला देऊन टाकला." साहेब पोट धरून हसला. त्याच्या मंडळासाठी त्याला नेमकं हेच हवं होतं.

मंडळ म्हणजे बिन महमूद वस्तीतली मराठी कुटुंबं. त्यांना दाखवायचा होता एक जुना विनोदी सिनेमा, बोलपट नुकते निघाले तेव्हाचा, आयर्लंडमधल्या खेड्यावरचा. चार पैशांत उरकलेला. एकच झोपडी सगळ्यांचं घर म्हणून वापरलेली, दार आपटलं की भिंत हलायची. आवाज इतका खरखरीत की एक शब्द कळेना. म्हणून साहेबानं अंदाजानं मराठी संवाद लिहिले. पडद्याशेजारी बसून ते सगळ्या पात्रांच्या तोंडी घालायचे जालिंदरनं.

"सिनेमातल्या म्हातारीला तुझ्या आईचा आवाज दे," साहेब म्हणाला. "लोक लोळतील."

नाही म्हटलं तर नोकरी जाणार. हो म्हटलं तर पन्नास माणसं त्याच्या आईला हसणार. आठवडाभर जालिंदर आतल्या आत जळत होता. त्या म्हातारीनं तरी यांचं काय घोडं मारलं होतं? बिचारी पाहुण्यांना दूध देत होती, एवढंच.

शुक्रवारी हॉल भरला. पडद्यावर म्हातारी आली, तसा पुढच्या रांगेत साहेब आधीच खिदळायला लागला. जालिंदरनं माइक धरला आणि आई बोलायची तसं, सावकाश म्हणाला, "या लेकरांनो, दमला असताल. दूध घ्या."

कोणीच हसलं नाही.

मग घोडागाडीतून जाडा जमीनदार आला, गाडीवानावर खेकसत. जालिंदरनं साहेबाचा कागद उलटा ठेवला.

"यल्ला, यल्ला! चल लवकर! डोकं गावाला ठेवून आलायस का? तुझ्यासारखे छप्पन्न ड्रायव्हर मिळतात मला! आई आजारी आहे ते मला सांगायचं नाही. खलास!"

शब्द साहेबाचे, नाकातला सूरही साहेबाचा. आठ वर्षं मागच्या सीटवरून ऐकलेला. साहेबाची मुलगी नुपूर खुर्चीवर उभी राहून आनंदानं ओरडली, "दॅट्स पप्पा!"

आता मात्र लोक लोळले. एकटा साहेब हसत नव्हता. जालिंदरनं खिशातून गाडीची किल्ली काढली, माइकशेजारी ठेवली आणि म्हातारीचं पुढचं वाक्य बोलायला घेतलं.