दोन गोळ्यांची सकाळ

पाऊस ओसरला की आमच्या कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटांवर गाजर गवत कमरेइतकं वाढतं. त्याला पांढरी फुलं आली की माझं नाक गळायला लागतं, ते दिवाळी उलटेपर्यंत. एक शिंक मला कधी येतच नाही. दहा, बारा, कधी पंधरा. डोळे सुजतात, टाळूला आतून खाज सुटते आणि स्वतःच्याच तोंडाचा वीट येतो.

उपाय सगळे झाले. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगली, वाफ घेतली, हळदीचं दूध प्यायले, नाकपुड्यांना आतून तूप लावलं. मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुतलं की तासभर बरं वाटायचं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी स्प्रे दिला. रोज न चुकता मारा, गुण यायला थोडे दिवस लागतील, म्हणाले. मी चार दिवस मारला आणि कपाटात टाकून दिला. धीर धरणं माझ्या स्वभावातच नाही. मग क्रांती चौकातल्या मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणायला लागले. शिंका थांबायच्या, पण झोप अशी यायची की शाळेत विज्ञानाच्या तासाला फळ्यासमोर उभ्या उभ्या डोळे मिटायचे.

आमच्या घरात शिंकेचा भारी धाक. कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं आणि मागून कोणी शिंकलं, की निघणाऱ्यानं परत बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मगच निघायचं. लहानपणी या दिवसांत कोणी निघालं की मला आधीच मागच्या खोलीत पिटाळायचे. मोठेपणी मी ते हसण्यावारी नेलं.

मग वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. गंगापूरकडचं घर बंद करून ते, आई आणि आत्या माझ्याकडे राहायला आले. दवाखान्यात जायच्या दिवशी भावानं गाडी दाराशी लावली, वडिलांनी चपलेत पाय घातला आणि मी शिंकले. अकरा वेळा. आत्यानं मोजल्या.

"बस रे दादा. पाणी पी आधी," आत्या म्हणाली.

वडील निमूट बसले. पाणी पिऊन मला म्हणाले, "तुझ्या नाकाचं माझ्यावर लई प्रेम दिसतंय. जाऊच देईना."

दवाखान्यात त्यांची साखर वाढलेली निघाली आणि ऑपरेशन दहा दिवस पुढं गेलं. साखर माझ्या शिंकेनं वाढत नाही, हे मला कळत होतं. पण आत्या ते दहा दिवस माझ्याकडे बघून सुस्कारे टाकत राहिली.

दुसऱ्यांदा निघायच्या सकाळी मी सहालाच उठले आणि एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. कुणाला विचारलं नाही. मुलांना विज्ञान शिकवणारी बाई, शकुनाच्या भीतीनं दोन गोळ्या गिळून बसली. सगळ्यांचा चहा केला, वडिलांची पिशवी भरली. निघायला अवकाश होता, म्हणून मिनिटभर पाठ टेकली.

जाग आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. घरात कोणी नव्हतं. भावाला फोन लावला. "मघाशीच आत नेलं त्यांना," तो म्हणाला.

ऑपरेशननंतर वडील शुद्धीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. हृदय फारच कमकुवत होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तेरावं झाल्यावर मी आईला विचारलं, मला उठवलं का नाही. ती गव्हातले खडे वेचत होती.

"मी येतच व्हते उठवायला. ते म्हनले, झोपू दे तिला. लई दिवसांनी निवांत झोपलीय. उंबरा ओलांडला आन् परत फिरले. आत्या वरडली, दादा, मागं फिरू नको म्हनून. ऐकलं नाय. चपला काढून आत आले, तुझ्यापाशी बसले. डोक्यावरून हात फिरवला. मग गेले."

आत्या आता शिंकेचं नाव काढत नाही. ते दारातून मागं फिरले म्हणून असं झालं, असं सांगत असते. सांगू दे. शकुन खरे का खोटे, याच्याशी मला काही देणंघेणं उरलेलं नाही.

स्प्रे आता मी रोज मारते आणि त्याचा गुणही येतो. दुपारी शाळेतून आले की त्याच पलंगावर, त्याच कुशीवर पडते आणि डोळे मिटून तो हात आठवायचा प्रयत्न करते. त्यांची बोटं खरखरीत होती, एवढं मला माहीत आहे. पण ते मला जन्मभराचं माहीत आहे. त्या सकाळचं काहीच आठवत नाही.