क्लीन आणि प्युअर

"तुझ्या घरची भांडी क्लीन असतील. प्युअर नाहीत. समजला फरक?"

इंग्रजीच्या सरांनी मला वर्गापुढे उभं करून विचारलं. मी आठवीत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या शाळेत सर जवळच्या अर्थाचे शब्द जोडीनं शिकवत, उदाहरणासह. त्या दिवशी मी आपणहून हात वर केला होता. म्हटलं, दोन्हींचा अर्थ एकच. आई राखेनं भांडी घासते, त्यात तोंड दिसतं.

उदाहरण चुकलं होतं.

कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा मागून म्हणाला, "सर, तिले माठाले हात लावायले सांगा. मंग समजन."

वर्ग हसला. सर फळ्याकडे वळले. फळ्यावर लिहिलं: क्लीन म्हणजे धुतल्यानं होतं ते, प्युअर म्हणजे जन्मानं असतं ते. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीही घेतलं. पुढे शब्दकोश पाहिला. प्युअर म्हणजे ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ते. जन्म त्यात सरांनी घातला होता.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या माठापाशी रांग लागली. इतर मुलं गडव्यानं पाणी घेत. आमच्या वस्तीतल्या मुली ओंजळ धरत. शिपाई वरून ओतायचा. अर्धं पाणी कोपरावरून खाली जायचं. पाचवीपासून हेच. राग केव्हाच संपला होता. थकवा उरला होता.

"ओंजळ कर वं," शिपाई म्हणाला.

मी केली नाही. गडवा माठात बुडवला, पाणी प्यायले, गडवा जागेवर ठेवला.

शाळेनं माठ फोडला. बाबांना वावरातून बोलावून आणलं. ते पायरीखाली उभे राहिले. हेडमास्तर वरून म्हणाले, "पोरीला माफी मागायला लावा. नाहीतर दाखला घेऊन जा."

घरी जाताना बाबा वाटेत थांबले. मग म्हणाले, "म्हणून टाक ना बाई सॉरी. तुह्यं शिक्षण चालू राहीन. एका शब्दानं का होते?"

"चूक झाली असती तं म्हटलं असतं, बाबा."

ते चालू लागले.

सोमवारी नवा माठ आला. मी रांगेत उभी राहिले आणि गडवा उचलला. पटावरून नाव काढायचं तर त्यांनी काढावं. दाखला मागायला मी जाणार नाही. हाही माठ फोडतील. पुढचा आणतील. त्यालाही हात लावीन.